तिरपं धरलेलं रजिस्टर

सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की तुम्ही आधी मोबाइल काढाल, लोकांनी दिलेले तारे मोजाल, ते अडीच निघाले की नाक मुरडाल, आणि मग मी कितीही घसा कोरडा केला तरी उपयोग नाही. मला माणसांचा अनुभव आहे. एवढंच सांगते की कट-कारस्थानाचा हिंदी सिनेमा होता, ओळखीचा चेहरा एकही नव्हता, आणि इंदूरच्या टॉकीजमध्ये तो एका शुक्रवारी लागून पुढच्या शुक्रवारी उतरला. आम्ही नवरा-बायको गेलो त्या दुपारी हॉलमध्ये सात माणसं होती, त्यातली दोन एसीत झोपायला आलेली. मध्यंतरात आमचे हे म्हणाले, "चल, निघू. डोकं उठलं." मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. ते गेले नाहीत, पण उरलेला वेळ घड्याळ बघत बसले.

मी मात्र शेवटची नावं सरकून संपेपर्यंत जागची हलले नाही. कारण त्या सिनेमाचा हीरो जावक शाखेतला क्लार्क होता, आणि मी एकतीस वर्षं तेच काम केलं आहे.

ज्यांना सरकारी ऑफिसची हवा लागलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला एक नंबर आणि तारीख मिळते आणि ती एका जाडजूड रजिस्टरमध्ये ओळीने लिहिली जाते. ते जावक रजिस्टर. नंबर एकामागून एक, मध्ये फट नको. दिसायला काम अगदी किरकोळ. आमचे हे सरकारी इंजिनीअर होते, पूल-रस्ते बांधणारे. कोणी विचारलं की "वहिनी काय करतात?" तर हसून सांगायचे, "ती लिफाफे चिकटवते." चौतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पाहुण्यांपुढे ऐकलं, लग्नकार्यात ऐकलं, माझ्या रिटायरमेंटच्या समारंभातही ऐकलं. लोक हसायचे, मीही हसायचे. आतून जळायचे, ते वेगळं.

आता मंडळाचं सांगते. अन्नपूर्णा मंदिराच्या बाजूला आमच्या मराठी लोकांच्या एका मंडळाचा छोटा हॉल आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तिथे पडद्यावर सिनेमा लावतात, मग पोहे, आणि मग त्या सिनेमाचा न्यायनिवाडा. रीत अशी की ज्याने सिनेमा निवडला त्यानेच उभं राहून बोलायचं, आणि दोष आधी, गुण नंतर. निदान तीन दोष सांगितल्याशिवाय कौतुकाचा शब्द काढायचा नाही. मग बाकीचे तुटून पडतात. शेवटी हात वर करायचे. निम्म्याहून जास्त हात आले तर सिनेमा पास, आणि वार्षिक संमेलनात तो सगळ्यांना दाखवतात. अध्यक्ष एक रिटायर्ड गणिताचे सर, सेक्रेटरी आमचे हे. इतक्या वर्षांत एकाही बाईने सिनेमा निवडला नव्हता. आम्ही पोहे निवडत होतो.

मी सरांना फोन करून सांगितलं की पुढचा सिनेमा माझा. सर म्हणाले, "अवश्य, अवश्य." आमच्या ह्यांनी मात्र चहाचा कप खाली ठेवला. "अगं, तिथे उभं राहून बोलावं लागतं. लोक चिरफाड करतात. आणि सिनेमा तरी कोणता, तर तो? खामखा हसं होईल." मी विचारलं, कुणाचं? त्यांनी कप पुन्हा उचलला. पण मला कळलं होतं, सिनेमा नापास झाला तर "लिफाफे चिकटवते" हे वाक्य माझ्या मरणापर्यंत चालणार. त्या महिन्यात मी तो सिनेमा मोबाइलवर आणखी चार वेळा पाहिला आणि वहीत मुद्दे काढले.

त्या रविवारी सुदामा नगरातल्या घरून स्कूटरवर निघून पावणेनऊला पोचलो, तर दादा हॉलच्या पायरीवर बसलेले. दादा म्हणजे मंडळाचे शिपाई, चौकीदार, माळी, सगळं एकच. साठी ओलांडलेला माणूस, बावीस वर्षं हॉलची किल्ली त्यांच्या कमरेला. पण मे महिन्यात ती किल्ली काढून घेतली होती. झालं असं की रंगपंचमीच्या आधी एका डॉक्टरांनी आमच्याकडे गुडघेदुखीवर व्याख्यान दिलं, आणि त्यांना मंडळाचं आभारपत्र मिळालंच नाही. त्यांनी ते सरांना बोलून दाखवलं. सरांनी चौकशी केली, तर मंडळाच्या रजिस्टरात शिपायाच्या हाती पत्र निघाल्याची नोंद होती. म्हणजे दादांनी ते पोचवलं नाही, कुठेतरी हरवलं. दादा म्हणत राहिले, "मेरे को किसी ने चिट्ठी दी ही नी, साब." कोण ऐकतो? सरांनी चारचौघांत झाडलं आणि किल्ली आपल्याकडे घेतली. तेव्हापासून सरांची गाडी येईपर्यंत दादा पायरीवर बसून राहायचे. खरं सांगते, मलाही वाटलं होतं, वय झालंय, विसरले असतील.

मला बघून ते उठले. "राम राम बाईसाब. आज आपका पिक्चर है ना?" मी म्हटलं, हो दादा, आज माझी परीक्षा.

सिनेमाची गोष्ट थोडक्यात अशी. एका जिल्ह्याच्या गावात पूल पडतो. वरच्या लोकांनी खाल्लेलं असतं, पण चौकशीत एक जुनं पत्र निघतं. त्यात एका ज्युनिअर इंजिनीअरला आधीच लेखी कळवलेलं असतं की पुलाला तडे गेलेत, लक्ष द्या. म्हणजे दोष त्याचा. आणि तो तर पूल पडला त्यातच मेलेला, बोलणार कोण? जावक क्लार्कला आठवतं की त्या तारखेला असं पत्र निघालंच नव्हतं. तो रजिस्टर काढतो, खिडकीपाशी नेतो, उजेडाला तिरपं धरतो, आणि त्याला कळतं की मधली एक ओळ मागाहून भरलेली आहे. तिथून मंत्र्यापर्यंत सगळा कट उलगडत जातो.

सिनेमा संपला, पोहे झाले, वर भरपूर शेव पडली, आणि मी उभी राहिले. वही उघडून पुढे धरली. दोष आधी ही रीत किती शहाणपणाची आहे ते तेव्हा कळलं. शिव्या घालायला मला कधीच भीती वाटलेली नाही.

"पहिला दोष," मी म्हटलं, "ती पत्रकार मुलगी. तिचं काम काय? मधल्या गाण्यात पावसात उभी राहते आणि क्लार्कने सांगितलेलं पुन्हा आपल्याला सांगते. आम्ही काय बहिरे आहोत? दुसरा, खलनायक शेवटी फार्महाऊसवर बसून स्वतःच सगळा कट तपशीलवार समजावतो. इतकं सविस्तर तर आमचे अधिकारी कारणे दाखवा नोटिशीलाही लिहीत नसत. तिसरा, शेवटचा पाठलाग. गोष्ट म्हणे झारखंडात घडते, आणि ट्रकच्या मागे मैलाचा दगड आपल्या इथल्या मानपूरचा. मागे दिसतो तो ढाबाही आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, महेश्वरला जाताना तिथेच चहा पितो आपण." इथे हॉल हसला. सरसुद्धा हसले. मी वही मिटली.

"आणि चौथा, सगळ्यात मोठा. हा कोणी मागितलेला नाही, तरी सांगते. खोटी ओळ सापडल्यावर तो क्लार्क रजिस्टर बगलेत मारून पळत सुटतो. अरे, पळतोस कशाला? खोटी ओळ खोडायची नसते, पान फाडायचं तर मुळीच नसतं. लाल शाईची आडवी रेघ मारायची, वर 'रद्द' लिहायचं, आणि ज्याने ती भरली त्याची सही घ्यायची तारखेसकट. बस. तेवढ्यावर चौकशी उभी राहते. लिहिणाऱ्याला हे माहीत नव्हतं, नाहीतर पाठलागाची पंचवीस मिनिटं वाचली असती."

मग गुण. मी सांगितलं की ऑफिस इतकं खरं मी पडद्यावर कधी पाहिलं नाही. तो क्लार्क चहाचा ग्लास रजिस्टरवर ठेवत नाही, पायाशी स्टुलावर ठेवतो. साहेब त्याला हुकूम देत नाही; जाता जाता, पान थुंकून, प्रेमाने म्हणतो, "भाई, आज के दो नंबर छोड़ देना." असंच म्हणतात. नंबर सोडून ठेवला की पुढे कधीही जुन्या तारखेचं पत्र त्यात बसवता येतं. कट असाच होतो, पिस्तुलं घेऊन कोणी येत नाही.

इथे मंडळातला एक तरुण उठला. पुण्याहून नोकरीसाठी आलेला, सॉफ्टवेअरवाला, प्रोजेक्टर तोच चालवतो. चांगला मुलगा आहे, पण प्रत्येक वाक्य निकाल दिल्यासारखं बोलतो. "काकू, एक रिकामा नंबर, एक पत्र. इतक्या क्षुल्लक गोष्टीने कुणाचं आयुष्य उद्ध्वस्त होतं, हे पटत नाही. संहितेतला हा मूलभूत दोष आहे."

मग मी ते सांगितलं जे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, घरीही नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला साहेबांनी असाच एक नंबर सोडायला सांगितला. मी सोडला. दोन महिन्यांनी त्या ओळीत एका चौकीदाराच्या नावाची ताकीद बसली, जुन्या तारखेची, की कामावर झोपतोस, सुधार. ती त्याला कधी मिळालीच नव्हती. पण कागदावर मिळाली होती, म्हणून त्याला काढून टाकलं. तो माझ्या टेबलापाशी येऊन विचारत होता, "मैडम, यह चिट्ठी कब निकली?" मी मान खाली घालून म्हटलं, रजिस्टरमध्ये आहे. त्यानंतर एकोणतीस वर्षं मी एकही नंबर सोडला नाही. कडक बाई म्हणून बदनाम झाले, दोनदा बदलीही झाली, तरी नाही. "पण तो माणूस गेला तो गेला," मी म्हटलं. "सिनेमातल्या क्लार्कने जे केलं ते मी केलं नाही, म्हणून मला हा सिनेमा मोठा वाटतो."

तरुण हळूच खाली बसला. मला वाटलं, जिंकले. पण आमचे हे उठले.

"ते सगळं ठीक आहे," ते म्हणाले. आवाज नेहमीचा, साइटवर मुकादमाशी बोलायचे तसा. "भावना समजल्या. पण मुद्दा सिनेमाचा आहे. रजिस्टर तिरपं धरलं आणि कळलं, असं कुठे असतं का? ही निव्वळ फेकाफेक आहे. कट उघडकीला येतो तोच मुळी जादूने. पायाच कच्चा, तर इमारत काय बघायची?" चार-पाच माना डोलल्या. इंजिनीअरने पाया म्हटलं की लोक डोलतात.

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "कपाटातलं मंडळाचं रजिस्टर आणा."

"आता ते कशाला?"

"आणा तर. त्यात एक तरी ओळ मागाहून भरलेली निघेल. नाही निघाली तर माझा सिनेमा नापास, हात वर करायचीही गरज नाही."

लोकांना गंमत वाटली. हे स्वतःच कपाटापर्यंत गेले, रजिस्टर घेऊन आले आणि माझ्या हातात ठेवताना हसले. ते हसू बघून सांगते, त्यांना त्या क्षणी खरंच काही आठवत नव्हतं. मलाही खात्री कुठे होती? तोंडातून निघून गेलं होतं, आता निभवायला हवं होतं. मी खिडकीपाशी गेले आणि रजिस्टर उजेडाला तिरपं धरलं.

हे जमायला डोळा लागतो, जादू नाही. एका बैठकीत लिहिलेल्या ओळींचा दाब सारखा असतो, शाई सारखी चमकते. मागाहून भरलेली ओळ आखडून बसलेली असते, कारण लिहिणाऱ्याला जागा आधीच मोजून मिळालेली असते. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, पानं साफ. मार्चच्या पानावर, रंगपंचमीच्या आदल्या आठवड्यात, एक ओळ वेगळी चमकली. वरची काळी, खालची काळी, ही हिरवट झाक असलेली.

ती शाई मी ओळखत होते. तो पेन आमच्या मुलीने ह्यांच्या वाढदिवसाला बंगलोरहून पाठवलेला. वाढदिवस मे महिन्यात असतो. आणि त्या ओळीत लिहिलं होतं, डॉक्टरांना आभारपत्र, हस्ते शिपाई.

मला सगळं एका क्षणात समजलं. मार्चमध्ये सेक्रेटरी म्हणून ह्यांनी नंबर अडवून ठेवला असणार, की पत्र उद्या लिहू. उद्या कधी उजाडलाच नाही. मे महिन्यात डॉक्टरांनी विचारल्यावर ओळ भरली, आणि पत्र गेलं कुठे, तर म्हणे शिपायाकडे दिलं होतं. वाईट मनाने नाही, फजिती टाळायला. पण टाळली ती दुसऱ्याच्या डोक्यावर टाकून.

मी रजिस्टर मिटू शकले असते. "हरले" म्हटलं असतं तर सगळे हसले असते, हे खूश झाले असते, आणि संध्याकाळी आम्ही खिचडी खाल्ली असती. मी मान वर केली. दारात दादा चहाचा ट्रे घेऊन उभे होते, सरांनी आत या म्हणण्याची वाट बघत. आणि मला माझ्या टेबलापाशी उभा असलेला तो चौकीदार दिसला.

"सापडली," मी म्हटलं. "डॉक्टरांच्या आभारपत्राची नोंद. तारीख मार्चची आहे, आणि ही मे महिन्यात लिहिलेली आहे. पेन माझ्या घरातला आहे, म्हणून खात्रीने सांगते." मग मी दारातल्या दादांकडे बघून म्हटलं, "हे पत्र कधी निघालंच नाही. दादा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते."

सरांनी रजिस्टर घेतलं, चष्मा वर करून, मग खाली करून बघितलं, स्वतः खिडकीपाशी जाऊन तिरपं धरलं. तो पुण्याचा मुलगा त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाला, "अरे, खरंच दिसतंय." सर ह्यांच्याकडे वळले. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही, बघवेना.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "ओळ माझी आहे. पत्र मी लिहिलंच नव्हतं." एवढं बोलून ते थांबतील असं मला वाटलं होतं. थांबले नाहीत. दारापर्यंत गेले, दादांच्या हातातला ट्रे काढून टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दादा, गलती मेरी थी। आपके नाम पर डाल दी। माफ करना।"

दादांनी लगेच माफ केलं नाही, हे मला फार आवडलं. ते म्हणाले, "मैं तो पेले से बोल रिया था, साब." मग सरांकडे बघितलं. सरांचा चेहरा पडला होता. झाडताना आवाज त्यांचाच सगळ्यात मोठा होता. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी दादांना दिली. दादांनी ती कमरेला लावली, दोनदा ओढून बघितली, आणि म्हणाले, "अब से चिट्ठी दो तो किताब में मेरी सही लेना। बिना सही के मैं नी ले जाऊंगा।"

मी पर्समधून लाल पेन काढला. जुनी सवय, अजून ठेवते. ह्यांनी त्या ओळीवर आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, सही केली, तारीख घातली. रेघ अगदी सरळ आली. शेवटी इंजिनीअरच.

मग सर घसा खाकरून म्हणाले, "सिनेमाचं राहिलंच की." हात वर झाले. सगळे. पुण्याच्या मुलाने तर दोन्ही वर केले, सरांनी त्यातला एक खाली करायला लावला. घरच्यांचं मत धरायचं नाही असा मंडळाचा नियम आहे, तो खुद्द ह्यांनीच केलेला. तरी त्यांचा हात वर होता. सर म्हणाले, "तुमचा मोजता येणार नाही." हे म्हणाले, "नका मोजू. राहू द्या वर." मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी जिंकलेल्या नाहीत, पण त्या सकाळी मी जिंकले, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की मी उरलेले पोहे उभ्या उभ्या डब्यातून खाल्ले.

स्कूटरवरून घरी आलो. जेवण झाल्यावर हे टेबलाशी बसले आणि तासभर काहीतरी लिहीत होते. मग कागद माझ्यापुढे ठेवला. डॉक्टरांना पत्र होतं. आभार, आणि उशीर माझ्यामुळे झाला, शिपायाचा त्यात काही दोष नाही, असं साध्या शब्दांत लिहिलेलं. वर नंबर होता, तारीख आजची होती. "सरांना विचारून रजिस्टर आणलंय, नोंद आत्ता केली," ते म्हणाले. "बघ बरं, नीट आहे का."

मी पत्र दोनदा वाचलं, नंबर बघितला, तारीख बघितली आणि म्हटलं, नीट आहे, जाऊ द्या. त्यांनी कागदाची घडी घातली, लिफाफ्यात सारली, डिंकाची बाटली शोधून काढली, आणि खाली वाकून, कडा बोटाने दाबत दाबत, लिफाफा स्वतः चिकटवला.